शहराच्या मालकीच्या छोट्या विमानतळावर पहिलं पाऊल

अमेरिकेत गावाच्या कडेनं जाताना तारेच्या कुंपणापलीकडे ओळीनं बांधून ठेवलेली छोटी विमानं दिसतात. फाटकाजवळच्या पाटीवर गावाचं नाव आणि पुढे ‘म्युनिसिपल एअरपोर्ट’ असं लिहिलेलं असतं. बहुतेक जण ती पाटी वाचून पुढे निघून जातात, कारण आत आपलं काही काम नाही अशी त्यांची समजूत असते. मीही कित्येक वर्षं तसाच पुढे गेलो. ही जागा बाग किंवा ग्रंथालय असावं तशी शहराची, म्हणजे तिथल्या नागरिकांची आहे, हे मला फार उशिरा कळलं. ज्यांना उडायला शिकायचंय, विमान ठेवायला जागा हवीय किंवा घरावरून विमानं का जातात एवढंच समजून घ्यायचंय, त्या सगळ्यांसाठी हा लेख आहे. पायऱ्या ज्या क्रमानं समोर येतात त्याच क्रमानं सांगतो.

पहिली पायरी : कोणाचं काय, ते आधी समजून घ्या

अमेरिकेत सर्वांना वापरता येतील असे सुमारे 5,000 विमानतळ आहेत. नियमित प्रवासी विमानसेवा त्यातल्या थोड्याच ठिकाणी आहे. बाकीच्या ठिकाणी चालतं ते ‘जनरल एव्हिएशन’ : वैमानिकांचं शिक्षण, खासगी विमानं, शेतांवरची फवारणी, रुग्णांची ने-आण, वणवा विझवणारी विमानं, छोट्या कंपन्यांची कामं. यातले कितीतरी विमानतळ शहरांच्या मालकीचे आहेत. कॅलिफोर्नियातल्या वॉटसनविलसारख्या लहान गावाचा स्वतःचा विमानतळ आहे आणि लॉस एंजेलिस शहराच्या मालकीचा व्हॅन नाइससारखा गजबजलेलाही आहे.

जमीन, धावपट्टी, दिवे, कुंपण, गवत कापणं, बर्फ हटवणं आणि भाडेकरार ही शहराची कामं. विमान हवेत गेलं की ते एफएएच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या विमान वाहतूक नियामक संस्थेच्या, अखत्यारीत जातं. विमान कुठल्या उंचीवरून आणि कुठल्या वाटेनं जावं, हे नगर परिषद ठरवू शकत नाही. मनात आलं म्हणून रात्रीची उड्डाणंही तिला बंद करता येत नाहीत, कारण 1990 च्या केंद्रीय कायद्यानं आवाजाच्या कारणावरून नवे निर्बंध घालणं फार अवघड करून ठेवलंय. म्हणून आवाजाची तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला व्यवस्थापक जेव्हा सांगतो की ‘वैमानिकांना विनंती करेन’, तेव्हा तो टाळाटाळ करत असेलच असं नाही. बऱ्याचदा त्याच्या हातात खरोखरच तेवढंच असतं.

तिसरा घटक म्हणजे एफबीओ, लांब नाव ‘फिक्स्ड बेस ऑपरेटर’. शहराकडून जागा भाड्यानं घेऊन इंधन विकणारा, विमानं दुरुस्त करणारा, उड्डाण शिकवणारी शाळा चालवणारा हा व्यावसायिक. पहिल्या महायुद्धानंतर गावोगाव फिरून कसरती दाखवणारे आणि लोकांना विमानात बसवून फेरी मारून आणणारे वैमानिक असत. 1926 च्या कायद्यानं उड्डाणाला नियम लागू झाले, तसे त्यातले काही जण एका जागी स्थिरावले आणि ‘एका ठिकाणी ठाण मांडलेला’ या अर्थाचं ते नाव पडलं. आज नवख्या माणसाचा पहिला संबंध येतो तो याच काउंटरशी.

दुसरी पायरी : आत कसं जायचं

सरळ दारातून. इथे तिकीट नसतं, सामान तपासणारं यंत्रही नसतं. एफबीओच्या कार्यालयात जाऊन ‘पहिल्यांदाच आलोय, बघायचंय’ एवढं सांगितलं तरी पुरतं. दुपारी काम थोडं कमी असलं की कोणीतरी सोबत येतं आणि विमानं दाखवतं. शिकायचा विचार असेल तर ‘डिस्कव्हरी फ्लाइट’ मागा. प्रशिक्षक शेजारी बसतो, हवेत गेल्यावर थोडा वेळ नियंत्रण तुमच्या हातात देतो आणि तासाभरात तुम्ही परत येता.

शिकायचं ठरलंच तर काही आकडे लक्षात ठेवा. एकट्यानं पहिलं उड्डाण करायला वय किमान 16 हवं आणि खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी 17. कायद्यानं किमान 40 तास उड्डाण लागतं, पण बहुतेकांना त्याहून बरेच जास्त लागतात, तेव्हा खर्चाचा हिशेब 40 वर मांडू नका. वैद्यकीय तपासणी सुरुवातीलाच उरकून घ्या. अर्धे पैसे खर्च झाल्यावर एखादं जुनं औषध आडवं आलं, असं घडताना मी पाहिलंय. तुम्ही अमेरिकेचे नागरिक नसाल तर प्रशिक्षण सुरू होण्याआधी वाहतूक सुरक्षा विभागाची, म्हणजे टीएसएची, परवानगी लागते. शाळेला हे पहिल्याच दिवशी सांगा.

फाटकाचा नियम मात्र पाळायचाच. सांकेतिक क्रमांक किंवा कार्ड मिळालं की गाडी आत घ्यायची, थांबायचं आणि फाटक पूर्ण मिटेपर्यंत तिथून हलायचं नाही. मागून दुसरी गाडी आली आणि चालक हसून हात करत असला, तरी त्याला त्याचा क्रमांक टाकू द्या. यात उद्धटपणा नाही. इथे पहारेकरी नसतो, त्यामुळे जो फाटक उघडतो त्यानंच पहारा द्यायचा असतो.

तिसरी पायरी : विमानांच्या मैदानावर चालताना

विमानं उभी असतात त्या डांबरी किंवा काँक्रीटच्या मैदानाला रॅम्प म्हणतात. इथे विमानाला पहिला मान. गाडी असो की माणूस, बाजूला व्हायचं ते आपणच.

प्रॉपेलरला हात लावायचा नाही, त्याच्या फिरण्याच्या रेषेत उभं राहायचं नाही, फोटोसाठीसुद्धा नाही. याचं कारण नीट समजून घ्या. या इंजिनांत ठिणगी पाडणारा मॅग्नेटो बॅटरीवर अवलंबून नसतो. किल्ली काढलेली असली तरी आतली एखादी तार तुटलेली असेल, तर नुसतं हातानं फिरवलेलं पातं इंजिनाला एक ठोका द्यायला लावू शकतं, आणि तेवढा एक ठोका हात जायला पुरेसा असतो. म्हणून उभ्या विमानाचा प्रॉपेलरही चालूच आहे असं धरूनच वागायचं. शेपटावरचा लाल दिवा लुकलुकत असेल तर इंजिन सुरू आहे किंवा आता होणार आहे. ‘क्लिअर प्रॉप’ अशी आरोळी ऐकू आली की जिथे आहात तिथेच थांबा आणि आवाज कुठून आला ते पाहा.

मुलं सोबत असतील तर त्यांचा हात धरा. टोपी, कागद, प्लास्टिकची पिशवी सांभाळा. उडून गेलेली पिशवी इंजिनात जाऊ शकते, आणि तिच्यामागे पळणारं माणूस त्याहून जास्त धोक्यात असतं.

चौथी पायरी : पिवळ्या रेघा

सगळा लेख विसरलात तरी चालेल, पण हा भाग विसरू नका.

टॅक्सीवेवरून, म्हणजे रॅम्प आणि धावपट्टी जोडणाऱ्या वाटेवरून, धावपट्टीकडे जाताना जमिनीवर चार पिवळ्या रेघा आडव्या येतात. दोन अखंड, दोन तुटक. अखंड रेघा तुमच्या बाजूला असतील तर थांबा, पलीकडे धावपट्टी आहे. तुटक रेघा तुमच्या बाजूला असतील तर तुम्ही धावपट्टीवरून बाहेर पडताय, न थांबता पुढे या. नुसतं नाक रेघेबाहेर आलं की झालं, असं नाही. शेपटीसकट अख्खं विमान रेघ ओलांडेपर्यंत धावपट्टी मोकळी झाली असं मानत नाहीत. शेजारी लाल पाटीवर पांढरे आकडे दिसले तर ती धावपट्टीची पाटी. पिवळ्या पाटीवरची काळी अक्षरं वाट दाखवतात.

आकड्यांचा अर्थ सोपा आहे. धावपट्टी 27 म्हणजे होकायंत्रावर साधारण 270 अंश, अर्थात पश्चिमेकडे तोंड. त्याच पट्टीचं दुसरं टोक 9, पूर्वेकडे तोंड. कुठलं टोक वापरायचं ते वारा ठरवतो, कारण उड्डाण आणि उतरणं दोन्ही वाऱ्याच्या तोंडावर करायचं असतं. कापडी वातदर्शक पिशवी बघा. तिचं अरुंद टोक वारा जिकडे चाललाय तिकडे असतं. ती पूर्ण आडवी ताठ झाली असेल तर वारा 15 नॉट किंवा त्याहून जास्त आहे. माझ्या प्रशिक्षकांनी पहिल्या महिन्यात मला विमानाशी जाण्याआधी रोज त्या पिशवीखाली उभं केलं आणि ‘आज कुठली पट्टी?’ एवढंच विचारलं. आजही गाडीतून उतरलो की नजर आधी तिकडे जाते.

पाचवी पायरी : रेडिओवर बोलणं

अमेरिकेत नियंत्रण मनोरे असलेले विमानतळ पाचशेच्या आसपास आहेत, म्हणजे बहुसंख्य छोट्या विमानतळांवर मनोरा नाही. तिथे कोणी परवानगी देत नाही, कोणी रांग लावत नाही. वैमानिक एका सामाईक फ्रीक्वेन्सीवर आपण कुठे आहोत आणि काय करणार आहोत ते सांगतात, आणि बाकीचे ऐकतात. नवख्याला हे ऐकून धडकी भरते. पण ही व्यवस्था चालते, कारण प्रत्येक जण ती पाळतो.

बोलायची एक ठरलेली पद्धत आहे : कोणाला, मी कोण, कुठे, काय करणार, आणि शेवटी पुन्हा विमानतळाचं नाव. ‘अमुक ट्रॅफिक, सेस्ना फाइव्ह-टू-किलो, लेफ्ट डाउनविंड, रनवे टू-सेव्हन, फुल स्टॉप, अमुक.’ सेस्ना हा विमानाचा प्रकार, फाइव्ह-टू-किलो ही त्याची ओळख, रनवे म्हणजे धावपट्टी आणि ‘फुल स्टॉप’ म्हणजे उतरून थांबणार. नाव दोनदा घ्यायचं कारण असं की 122.8 सारखी एकच फ्रीक्वेन्सी आसपासचे अनेक विमानतळ वापरतात. हवेत उंचावर असलेल्या वैमानिकाला तीन-तीन गावांची बोलणी एकत्र ऐकू येतात, आणि सुरुवातीचं नाव खरखरीत बुडालं तर शेवटचं तरी कानावर पडतं.

धावपट्टीभोवतीची वाट चौकोनी असते, बहुतेक ठिकाणी जमिनीपासून 1,000 फुटांवर आणि डावी वळणं घेत. वाऱ्याच्या दिशेनं धावपट्टीला समांतर जाते ती बाजू डाउनविंड, मग वळून बेस, आणि पुन्हा वळून सरळ उतरताना फायनल. बाहेरून येणारा सहसा डाउनविंडच्या मध्याशी 45 अंशांत येऊन मिळतो. सरळ फायनलवर लांबून येण्यावर बंदी नाही, पण चौकोनात फिरणाऱ्यांची वाट त्यानं मोडता कामा नये.

ही नुसती पुस्तकी ताकीद नाही. 18 ऑगस्ट 2022 रोजी वॉटसनविलला दोन विमानांची हवेत टक्कर झाली. एक छोटं सेस्ना 152 चौकोनात होतं. दुसरं दोन इंजिनांचं सेस्ना 340 लांबून सरळ फायनलवर, 180 नॉटच्या आसपास वेगानं येत होतं. दोघंही रेडिओवर बोलत होते, दोघांनाही दुसरा आहे हे माहीत होतं. तरीही तिघांचा जीव गेला. रेडिओवर सांगितलं म्हणजे जबाबदारी संपली, असं नाही. बोलल्यानंतर बाहेर बघावं लागतं, आणि समोरचा किती वेगानं जवळ येतोय याचा अंदाज घ्यावा लागतो. शंका आली तर उतरायचं सोडून पुन्हा वर जायचं, आणि त्यात कमीपणा मानायचा नाही.

रात्री पोहोचलात आणि धावपट्टी अंधारात असली तर घाबरू नका. कित्येक ठिकाणी दिवे वैमानिकच लावतो : माइकचं बटण पाच सेकंदांत सात वेळा दाबलं की सर्वांत प्रखर, पाच वेळा मध्यम, तीन वेळा मंद. दिवे 15 मिनिटं राहतात. धावपट्टीच्या कडेचे दिवे पांढरे, टॅक्सीवेचे निळे. दुरून आळीपाळीनं हिरवा-पांढरा फिरणारा झोत दिसला तर तो नागरी विमानतळ.

सहावी पायरी : इंधन

छोट्या विमानतळावर इंधनाचा पंप बहुतेकदा आपणच चालवायचा असतो. विमान पंपाशी आणा, इंजिन बंद करा, चाकांना अडसर लावा. पहिलं काम जमिनीची तार विमानाच्या उघड्या धातूला लावणं, बहुतेक जण एक्झॉस्टच्या नळीला लावतात. स्थिर विजेची ठिणगी टाळण्यासाठी ही तार सगळ्यांत आधी लावायची आणि सगळ्यांत शेवटी काढायची. मग कार्ड, मग शिडी, मग नळी. टोपण परत बसवल्यावर हातानं फिरवून बघा आणि खाली उतरल्यावर पुन्हा एकदा नजर टाका.

पाटी वाचल्याशिवाय नळी उचलू नका. पिस्टन इंजिनाचं इंधन 100एलएल, त्याची पाटी लाल. जेटचं इंधन म्हणजे जेट-ए, त्याची काळी. पिस्टन इंजिनात जेट-ए गेलं तर नळीत उरलेल्या चांगल्या इंधनावर विमान उड्डाणही करतं आणि इंजिन बंद पडतं ते वर गेल्यावर.

यानंतर जे करायचं ते मला मनापासून आवडतं. टाकीच्या तळाच्या झडपेला छोटी पारदर्शक नळी टेकवून थोडं इंधन काढायचं आणि उजेडाकडे धरायचं. 100एलएल फिकट निळं दिसतं. पाणी असेल तर ते तळाशी थेंबासारखं, बिनरंगी, वेगळं होऊन बसतं, आणि मध्ये एक बारीक वक्र रेघ दिसते. अख्खा नमुनाच बिनरंगी असेल तर ‘पाणी नाही’ म्हणून खूश होऊ नका. तो सगळाच पाण्याचा असू शकतो, किंवा जेट-ए असू शकतं. पांढऱ्या रंगापुढे धरून निळा दिसतोय याची खात्री करा, वास घ्या, आणि मगच पुढे जा.

या इंधनाच्या नावात ‘लो लेड’ असलं तरी त्यात शिसं आहेच, लिटरमागे 0.56 ग्रॅमपर्यंत. कुंपणाबाहेर राहणाऱ्यांची काळजी खरी आहे, आणि वैमानिकांनी ती झटकून टाकू नये असं माझं ठाम मत आहे. कॅलिफोर्नियातल्या सँटा क्लॅरा काउंटीनं, म्हणजे जिल्ह्यानं, 2022 पासून आपल्या विमानतळांवर ते विकणं थांबवलं. शिसं नसलेलं इंधन देशभर आणण्यासाठी 2030 ची मुदत धरून काम चाललंय. तोवर काढलेला नमुना जमिनीवर फेकू नका. स्वच्छ असेल तर गाळून टाकीत परत घाला, नाहीतर त्यासाठी ठेवलेल्या डब्यात टाका.

सातवी पायरी : विमान ठेवायला जागा

दोन पर्याय असतात. उघड्यावर बांधून ठेवायचं किंवा हँगर, म्हणजे विमानाची बंदिस्त शेड, घ्यायचं. बांधताना दोन्ही पंख आणि शेपूट असे तीन बिंदू बांधायचे, दोराला किंचित ढील ठेवायची, सुकाणू अडकवायचं, चाकांना अडसर लावायचा.

हँगरची प्रतीक्षायादी बहुतेक शहरांत लांब असते, काही ठिकाणी वर्षानुवर्षांची. विमान घ्यायचा विचार नुसता मनात आला तरी नाव आजच घाला, पत्ता बदलला की कळवा. जागा मिळाली की करार सावकाश वाचा. शहराच्या जमिनीवर स्वखर्चानं हँगर बांधलंत, तर मुदत संपल्यावर ते बांधकाम शहराच्या मालकीचं होईल असं कलम पुष्कळदा असतं. मला ते कलम सही झाल्यावर एका शेजाऱ्यानं दाखवलं. तुमच्यावर ती वेळ येऊ नये. शिवाय केंद्राच्या पैशावर चालणाऱ्या विमानतळावर हँगर विमानासाठीच वापरायचं, असा नियम 2017 पासून स्पष्ट आहे. विमान असेल तर कोपऱ्यात एखादं कपाट ठेवलेलं चालतं. पण विमान नसलेलं, होडी आणि फर्निचरनं भरलेलं हँगर चालत नाही, कारण तेवढ्या काळात यादीतला खरा वैमानिक बाहेर ताटकळत असतो.

आठवी पायरी : नगर परिषदेच्या बैठकीला जा

धावपट्टीचं डांबर नवं करायला येणारा पैसा मुख्यतः केंद्राच्या विमानतळ निधीतून येतो. हा निधी विमानाच्या तिकिटांवरच्या आणि इंधनावरच्या करांतून जमतो. छोट्या विमानतळाला वर्षाला 1,50,000 डॉलरपर्यंत हक्काची रक्कम मिळू शकते आणि बहुतेक कामांत केंद्राचा वाटा 90 टक्क्यांच्या आसपास असतो. बदल्यात शहर काही वचनं देतं : विमानतळ चालू ठेवू, सर्वांना सारखी वागणूक देऊ, विमानतळाचं उत्पन्न विमानतळावरच खर्च करू. ही वचनं साधारण 20 वर्षं बांधून ठेवतात, आणि त्या पैशातून जमीन घेतली असेल तर कायमची. म्हणून शहरानं शेवटचं अनुदान कधी घेतलं, हा नवख्या माणसानं व्यवस्थापकाला विचारावा असा फार कामाचा प्रश्न आहे. विमानतळाला किती वर्षं हमखास आहेत, ते त्या उत्तरावरून कळतं.

अशा वचनांचं बंधन नसलं की काय होतं, ते शिकागोनं पाहिलंय. 30 मार्च 2003 च्या रात्री शहरानं आपल्याच मेग्ज फील्ड विमानतळाच्या धावपट्टीवर बुलडोझर पाठवून मोठाल्या फुल्या खोदल्या. उभी असलेली 16 विमानं तिथेच अडकली. पूर्वसूचना न दिल्याबद्दल शहराला नंतर 33,000 डॉलर दंड भरावा लागला, पण धावपट्टी परत आली नाही. कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिका शहरात गोष्ट न्यायालयातून गेली. 2017 च्या समझोत्यानुसार धावपट्टी 4,973 फुटांवरून 3,500 फूट केली गेली आणि 31 डिसेंबर 2028 नंतर विमानतळ बंद करायची मुभा शहराला मिळाली.

हे निर्णय झाले ते शहराच्या कचेरीत किंवा न्यायालयात, धावपट्टीवर नव्हे. बहुतेक शहरांत विमानतळासाठी नागरिकांची सल्लागार समिती असते आणि तिच्या बैठका खुल्या असतात. विषयपत्रिका शहराच्या संकेतस्थळावर आधी लागते. तीत ‘एअरपोर्ट’, ‘लीज’, ‘मास्टर प्लॅन’ किंवा ‘लँड यूज’ असे शब्द दिसले की तो दिवस राखून ठेवा. धावपट्टीच्या टोकाशी नवी वसाहत मंजूर होत असेल, तर दहा वर्षांनंतरच्या तक्रारी त्याच संध्याकाळी मंजूर होत असतात.

बोलायला दोन-तीन मिनिटंच मिळतात. नाव सांगा, विमानतळ कशासाठी वापरता ते एका वाक्यात सांगा, विषयपत्रिकेवरच्या नेमक्या मुद्द्यावर या आणि काय हवंय ते स्पष्ट मागा. आवाजानं त्रासलेला शेजारी तुमच्या आधी बोलला असेल तर त्याचं पूर्ण ऐका. बैठक संपल्यावर त्याच्याकडे जा, त्याचं घर नेमकं कुठे आहे ते नकाशावर विचारा, आणि पुढच्या वेळी उड्डाणानंतर त्या गल्लीवरून वळणं टाळता येतं का ते प्रशिक्षकाबरोबर बसून बघा. आमच्या इथे तीन वैमानिकांनी एवढंच केलं, आणि पुढच्या बैठकीला तो शेजारी त्यांच्याच बाकावर येऊन बसला.